फिरत्या यारीची झडप

कोल्हापुरांतील शिवाजी उद्यमनगरासारख्या कारखान्यांच्या वस्तींत एखादें अवजड यंत्र हलवावयाचें झालें, म्हणजे चाकांवरची फिरती यारी येते. बोलीभाषेंत तिला ‘हायड्रा’ म्हणतात. बघ्यांची दृष्टि लटकणाऱ्या यंत्रावर खिळते. चालकाच्या हाताखालच्या लिव्हरांकडे सहसा कोणी पाहत नाहीं. वस्तुतः भार उचलण्याचा, थांबविण्याचा व उतरविण्याचा हुकूम तेथूनच सुटतो.

बंद भांड्यांतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हें फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यानें सतराव्या शतकांत दाखवून दिलें. यारीचें बळ याच तत्त्वावर उभें आहे. पंप तेल ढकलतो. तें कोणत्या सिलिंडरांत जावें, हें झडप ठरविते. तिच्या ओतीव लोखंडी शरीरांतील गुळगुळीत भोकांत खांचा असलेला पोलादी दांडा मागेंपुढें सरकतो. कारागीर त्याला स्पूल म्हणतात. दांडा व भोक यांमधील फट मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या हिश्श्याइतकी, म्हणजे केसाहून पुष्कळच बारीक. म्हणून वाळूचा एक कणहि येथें अनर्थ करतो. ऑगस्ट २०१९ मध्यें पंचगंगेच्या महापुरानें कोल्हापुरांत हाहाकार उडविला. अशा पुरांत बुडालेल्या यंत्राच्या टाकींत पाणी शिरलें, तर तेल ताकासारखें पांढुरकें होतें आणि दांड्याला गंज धरतो.

भार आपोआप खालीं येऊं लागला, म्हणजे सारा दोष या झडपेच्याच माथीं मारण्याची घाई होते. पण सिलिंडरचें सील झिजलेलें असूं शकतें, किंवा भार धरून ठेवणारी निराळी झडप बिघडलेली असते. तीं तपासल्याशिवाय ही उघडूं नये.

उघडण्यापूर्वीं भार व बूम जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावें व लिव्हर दोन्ही बाजूंस हलवून दाब सोडावा. तरीहि एखाद्या नळींत दाब कोंडलेला राहूं शकतो. गळती शोधण्यास कधींहि बोट लावूं नये, पुठ्ठा धरावा. सूक्ष्म छिद्रांतून उडणारी तेलाची धार कातडी भेदून आंत शिरते. वर टोंचल्याएवढीच खूण दिसते, मनुष्य ती पुसून कामाला लागतो, आणि हात गमावण्याची पाळी येते. अशा वेळीं तत्काळ शस्त्रवैद्य गांठलाच पाहिजे.

झडप बाहेरून धुवून मगच खोलतात. प्रत्येक दांडा आपापल्या भोकाशीं जुळवून घासलेला असतो. त्यांची अदलाबदल चालत नाहीं, म्हणून खुणा कराव्या. धागे सुटणारी चिंधी वापरूं नये. अडकणारा दांडा पॉलिश-कागदानें घासण्याची खोड तर फारच वाईट. दांडा मोकळा फिरतो खरा, पण फट वाढते आणि भार पूर्वींपेक्षां लवकर खालीं सरकतो. सील नवीं घालून त्यांना तेंच तेल लावतात. बोल्ट ठरल्या मापानें, सारखे आवळावे. एक बाजू जास्त आवळली, तर शरीर किंचित् पिळवटतें व दांडा अडकतो. जास्त वजन उचलावें म्हणून दाबाची मर्यादा राखणारी झडप पिळणें हा तर निव्वळ अविचार होय.

शेवटीं नवा फिल्टर व स्वच्छ तेल घालून यारी प्रथम रिकामी चालवितात. मग हलका भार वीतभर उचलून त्याचें जमिनीपासूनचें अंतर फूटपट्टीनें मोजतात आणि कांहीं मिनिटांनीं पुन्हा मोजतात. तेवढ्या वेळांत जवळपास कोणासहि उभें राहूं देत नाहींत.