सुवर्णप्राशन, लस आणि वैद्याचा शब्द

"वैद्यराज, बाळाचे सुवर्णप्राशन नियमित चालू आहे, मग शाळेतली लस कशाला?" हा प्रश्न आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. आपल्या उत्तरावरच पुष्कळदा पालकांचा निर्णय ठरतो.

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या बालकांसाठी गोवर-रूबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. अफवांमुळे काही शाळांतील पालकांनी संमती नाकारली. पुढे २०२२ मध्ये मुंबईत गोवराचा उद्रेक होऊन बालके दगावली. रुग्णांपैकी अनेकांना लस मिळालेली नव्हती.

गोवर म्हणजे माधवनिदानातील रोमान्तिका. तो अत्यंत संसर्गजन्य असल्याने सुमारे ९५ टक्के बालके सुरक्षित असतील तरच साथ थोपते. काश्यपसंहितेने सुवर्णप्राशन मेधा, अग्नी व बल यांच्या वृद्धीसाठी सांगितले आहे. गोवराच्या लसीचा तो पर्याय नव्हे.

लसीनंतर ताप वा पुरळ येईल, ही पालकांची भीती हेटाळू नये. असा त्रास बहुधा सौम्य व अल्पकाळाचा असतो, हे समजावून द्यावे. मात्र उत्तर निःसंदिग्ध असावे : "प्राशन हवे तर चालू ठेवा, लस चुकवू नका." आपले मौनही पालक नकार समजतात, याचे भान वैद्यबंधुभगिनींनी ठेवावे.