घडीचा कॅमेरा आणि आजची फिल्म

अनेक घरांतील जुन्या ट्रंकेंत काळ्या चामड्यानें मढविलेली एक चपटी पेटी सांपडते. कळ दाबतांच तिचें झांकण उघडतें, भात्याची घडी पुढें सरकते आणि टोकाशीं भिंग दिसूं लागतें. हाच घडीचा कॅमेरा. याला लागणारी फिल्म आतां कोठें मिळणार, अशा समजुतीनें तो मोडींत घातला जातो. पुष्कळदां ही समजूत चुकीची असते.

कॅमेरा हातीं येतांच त्याची पाठ उघडण्याचा मोह आवरावा. पाठीवरील लहानशा लाल खिडकींतून प्रथम आंत पाहावें. तेथें एखादा आंकडा दिसला तर आंत फिल्म शिल्लक आहे असें समजावें. कोणीं सांगावें, तिच्यावर घरांतील दिवंगत माणसांचीं चित्रें असतील! ती चावीनें शेवटपर्यंत गुंडाळावी, अंधारांत बाहेर काढावी आणि जाणत्याच्या हवालीं करावी. एकदां उजेड आंत शिरला कीं पाठ पुन्हां लावून उपयोग नसतो.

मग गुंडाळीचा क्रमांक पाहावा. कोडॅक कंपनीनें १९०१ सालीं आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या 'ब्राउनी' कॅमेऱ्यासाठीं जी फिल्म काढली, तीच पुढें १२० क्रमांकानें प्रसिद्ध झाली. सुमारें सहा सेंटिमीटर रुंदीची ही फिल्म आजहि तयार होते. झाइस आयकॉनचा 'नेटार', आग्फाचा 'इझोलेट' यांसारखे जर्मन कॅमेरे हीच फिल्म घेतात. कोडॅकच्या अनेक घडीच्या कॅमेऱ्यांना मात्र ६२० ची गुंडाळी लागे. ती १९९५ सालीं बंद झाली. परंतु तिच्यांतील फिल्म १२० चीच होती. निराळें होतें तें रीळ. त्याचा दांडा बारीक व चकत्या लहान असत. म्हणून पूर्ण अंधारांत १२० ची फिल्म प्रथम एका ६२० च्या रिळावर व मग दुसऱ्या रिळावर गुंडाळली, म्हणजे आरंभाचें टोक बाहेर येतें आणि काम भागतें. यासाठींच कॅमेऱ्यांत सांपडलेलें रिकामें रीळ कधींहि टाकूं नये. ११६ ची फिल्म याहून रुंद असे. ती १९८४ सालीं बंद झाली. तसल्या कॅमेऱ्यांत १२० ची फिल्म आधाराचे तुकडे लावल्यावांचून बसत नाहीं.

आतां खरा धोका पाहूं. फिल्मच्या पाठीशीं कागद असतो आणि त्यावरचे आंकडे लाल खिडकींतून वाचून चित्र पुढें सरकवावयाचें असतें. खिडकीची कांच लालच कां? तर त्या काळच्या पुष्कळ फिल्मांना लाल रंग दिसत नसे. त्यामुळें त्या खिडकींतून आलेला उजेड त्यांना बाधत नसे. आजची बहुतेक फिल्म सर्व रंग पाहते आणि उजेडाला अधिक लवकर बळी पडते. जी खिडकी पूर्वीं पहारेकरी होती, तीच आतां चोरवाट झाली आहे. उपाय सोपा आहे. खिडकीवर काळी चिकटपट्टी लावावी आणि फिल्म सरकवितांना, तीहि सावलींत, क्षणभरच उचलावी. २२० ची गुंडाळी मात्र या कॅमेऱ्यांत घालूं नये. तिच्यांत फिल्मच्या मागें कागदच नसतो.

भाताहि तपासावा. अंधाऱ्या खोलींत आंत विजेरी धरली असतां घड्यांच्या कोपऱ्यांत चांदण्यांसारखे ठिपके चमकले, तर तीं भोकें समजावीं. कॅमेरा झटक्यानें उघडूं नये. भाता एकदम फुगला कीं हवा ओढली जाऊन फिल्म जागेवरून पुढें खेंचली जाते आणि चित्र अस्पष्ट येतें. सावकाश उघडावा आणि फिल्म त्यानंतरच सरकवावी.

शेवटीं वेगाचा विचार. साध्या जुन्या कॅमेऱ्याचें शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाहून अधिक चपळ नसतें. तेल वाळल्यामुळें तें आणखी मंदहि झालेलें असतें. १०० वेगाच्या फिल्मला लख्ख उन्हांत १६ चें छिद्र आणि सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. ४०० वेगाची फिल्म याच्या चौथ्या भागांत काम करते. एवढी घाई त्या शटरला झेपत नाहीं. म्हणून १०० चीच फिल्म घ्यावी.

सहा बाय नऊ सेंटिमीटरच्या कॅमेऱ्यांत एका गुंडाळीवर आठच चित्रें निघतात. परंतु पस्तीस मिलिमीटरच्या चित्राहून तें चित्र क्षेत्रफळानें सुमारें साडेपांचपट मोठें असतें. पहिली गुंडाळी लग्नकार्यांत वापरूं नये. घराच्या ओटीवर, सकाळच्या उजेडांत, मुलाबाळांवर ती खर्चावी. आठांपैकीं कोणतें चित्र कशानें बिघडलें हें कळलें, म्हणजे पुढच्या प्रसंगीं त्या कॅमेऱ्यावर भरंवसा ठेवतां येतो.