गाडी कोणाच्या नावावर, चालवतं कोण? नव्या दुचाकीच्या विम्याची उकल



पाडवा असो, दसरा असो की धनत्रयोदशी, तालुक्याच्या गावी शोरूमसमोर हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते. त्यात आता बायकांच्या नावावरच्या गाड्याही पुष्कळ असतात. कुणी गटाच्या कर्जातून घेते, कुणी दुधाच्या पैशातून साठवून घेते. गाडी घेताना आपण रंग पाहतो, अ‍ॅव्हरेज विचारतो, हप्ता किती बसेल ते दहा वेळा मोजतो. विम्याच्या बाबतीत मात्र शोरूमवाला कोटेशनवर एक आकडा लिहितो आणि आपण "बरं" म्हणून पुढे जातो. आज आपण त्या एका आकड्याच्या आत काय काय असतं ते सोडवून पाहू.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. नव्या गाडीची पॉलिसी हा कागद एक असला तरी त्यात तीन वेगवेगळे विमे असतात. एक दुसऱ्या माणसासाठी, एक गाडीसाठी आणि एक मालकासाठी. तिघांचे पैसे वेगळे, मुदत वेगळी आणि नियमही वेगळे.

दुसऱ्या माणसासाठी : थर्ड पार्टी

आपल्या गाडीचा धक्का लागून रस्त्यावरचा कुणी जखमी झाला किंवा दगावला, तर त्याची भरपाई देण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ती जबाबदारी विमा कंपनी उचलते, त्याला थर्ड पार्टी विमा म्हणतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा केला आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. पुन्हा सापडलं तर दंड ४,००० रुपये.

पण दंडाचं भय खरं भय नव्हे. माणूस दगावला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा होतो. त्याचं वय, त्याची कमाई, मागे राहिलेली माणसं हे सगळं पाहून रक्कम ठरते आणि ती लाखांत जाते. विमा असेल तर कंपनी भरते, त्याला वरची मर्यादा नाही. विमा नसेल तर ती रक्कम मालकाकडून वसूल होते. मालक म्हणजे आरसी बुकावर ज्याचं नाव आहे तो. गाडी मुलानं चालवली असली तरी नोटीस नावावर असणाऱ्या आईलाही येते.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. याचा दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकाप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या गाडीला पाच वर्षांचे ३,८५१ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ४,५४४ रुपये होतात. आपल्याकडच्या बहुतेक स्कूटी आणि शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकली याच गटात येतात. १५० सीसीच्या वर ३५० पर्यंत गेलं की हाच आकडा ७,३६५ रुपये अधिक जीएसटी होतो. विजेवरच्या गाड्यांना दर थोडा कमी आहे. सरकार हे दर बदलू शकतं, म्हणून घेताना चालू दर विचारायचा. पण सगळ्या कंपन्यांचा दर सारखाच असतो, म्हणून "आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्तात" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा.

गाडीसाठी : ओन डॅमेज

थर्ड पार्टीतून आपल्या स्वतःच्या गाडीला एक रुपयाही मिळत नाही. गाडी चोरीला गेली, जळाली, पुरात बुडाली, झाड पडलं, अपघातात मोडली, तर भरपाई ओन डॅमेजमधून मिळते. हा विमा कायद्यानं सक्तीचा नाही. पण गाडी कर्जावर घेतली असेल तर बँक तो मागतेच.

यातला महत्त्वाचा शब्द आहे आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीच्या पलीकडे गेली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, तो आकडा. नव्या गाडीला शोरूमच्या किमतीतून पाच टक्के कमी करून तो धरतात. समजा गाडीची एक्स शोरूम किंमत ८०,००० आहे, तर आयडीव्ही ७६,००० च्या आसपास असायला हवा. नोंदणीचा खर्च आणि कर यात धरत नाहीत. कोटेशन स्वस्त दिसावं म्हणून काही वेळा आयडीव्ही कमी लिहितात. प्रीमियममध्ये शंभर-दोनशे वाचतात आणि गाडी गेली की काही हजार जातात.

दुसरा शब्द झीरो डेप. अपघातात प्लास्टिकचे, रबरचे भाग किंवा बॅटरी बदलली तर साध्या पॉलिसीत कंपनी त्यांची निम्मी किंमत देते, निम्मी आपण घालायची. स्कूटीचं सगळं अंग प्लास्टिकचं. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं थोडे जास्त पैसे भरून झीरो डेप घेतलेलं बरं पडतं. नदीकाठच्या गावात राहत असाल तर इंजिनचं संरक्षण देणारी जोडही विचारा. गाडी पाण्यात बुडाली असेल तर किक मारून पाहू नका. तशी चालू केल्यानं इंजिन बिघडलं तर साध्या पॉलिसीत कंपनी तो खर्च नाकारते. गाडी तशीच ढकलत गॅरेजला न्या.

दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना आहे ती याच भागात. घासाघीस करायची ती इथे.

मालकासाठी : वैयक्तिक अपघात विमा

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला तो भाग.

गाडीचा मालक स्वतः गाडी चालवत असताना अपघातात दगावला, तर त्याच्या वारसाला १५ लाख रुपये मिळतात. दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गेले तरी पूर्ण रक्कम, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मी. या विम्याला इंग्रजी अक्षरांत सीपीए म्हणतात. १५ लाख म्हणजे घर सावरणारी रक्कम. पण त्याच्या दोन अटी आहेत आणि त्या आपल्याला कुणी मोठ्यानं वाचून दाखवत नाही.

पहिली अट, चालवणारी व्यक्ती हीच नोंदणीकृत मालक असली पाहिजे. दुसरी अट, तिच्याकडे त्या गाडीचं चालू लायसन असलं पाहिजे.

आता आपल्या घराकडे पाहा. कर्ज गटातून मिळालं म्हणून गाडी बाईच्या नावावर. तिच्याकडे लायसन नाही. गाडी रोज चालवतो नवरा किंवा मुलगा. वळणावर खडीवरून घसरून नवरा एकटाच पडला आणि दगावला, तर काय मिळेल? सीपीएमधून काही नाही, कारण तो मालक नव्हता. थर्ड पार्टीतूनही काही नाही, कारण मालकाची गाडी घेऊन चालवणारा आणि स्वतःच पडलेला माणूस तिसरा पक्ष ठरत नाही. पाठीमागे बाईकडे काय उरलं? गाडीचा हप्ता.

म्हणून काय करायचं? कुणी म्हणेल, गाडी नवऱ्याच्याच नावावर करा. आमचं म्हणणं तसं नाही. बाईच्या नावावर एक वस्तू आहे, ती राहू द्या. नाव काढू नका, लायसन काढा. शिकाऊ लायसनचा अर्ज आधारच्या आधारे ऑनलाइन करता येतो, त्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. अनेक तालुक्यांच्या गावी आरटीओचे कॅम्पही लागतात. गटातल्या पाच-सहा जणींनी एकदम जायचं ठरवलं तर सोबतही होते. एक लक्षात असू द्या, बिनगिअरच्या गाडीचं लायसन गिअरच्या मोटारसायकलला चालत नाही.

घरातला जो कुणी गाडी चालवतो, त्याच्या नावावर वेगळा वैयक्तिक अपघात विमा घ्या. तो गाडीला नव्हे, माणसाला असतो, म्हणून कुणाचीही गाडी चालवली तरी लागू राहतो. निदान बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी चुकवू नका. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख रुपये. नवरा, मुलगा, सून, सासू, ज्यांचं म्हणून बँकेत खातं आहे त्या सगळ्यांचे वीस-वीस रुपये मे महिन्यात खात्यावर शिल्लक आहेत ना, ते पाहा.

मागे बसणाऱ्यांचं काय? आपण बायका बहुतेक वेळा मागेच बसतो. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसणाऱ्याच्या भरपाईवरून कंपन्या कोर्टात वाद घालतात. थोडे पैसे भरून मागच्या सीटसाठी अपघात विमा जोडता येतो. तो मागून घ्या.

पाच वर्षं नक्की कशाची?

शोरूममध्ये सांगतात, "ताई, पाच वर्षं विम्याची काळजी नाही." हे अर्धंच खरं आहे. पाच वर्षं असतात ती थर्ड पार्टीची. ओन डॅमेज बहुधा एकच वर्षाचं असतं. सीपीए एका वर्षाचं आहे की पाच, ते पॉलिसीवर पाहावं लागतं. म्हणजे दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेली आणि ओन डॅमेज भरलेलं नसेल, तर हातात पॉलिसी असूनही काही मिळत नाही. पोलिसांनी अडवलं तर कागद चालतो, म्हणून ही गोष्ट ध्यानातही येत नाही.

वर्षभरात ओन डॅमेजचा क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी त्या भागाच्या प्रीमियमवर २० टक्के सूट मिळते. अशी सूट वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. मुदत संपून ९० दिवसांच्या वर गेले तर साठलेली सगळी सूट बुडते. म्हणून शे-दोनशेच्या खरचटण्यासाठी क्लेम करू नका आणि तारीख चुकवू नका.

शोरूममध्ये काय बोलायचं

विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती कुणालाही करता येत नाही. बाहेरून घेतला तरी चालतो. म्हणून आधी कोटेशन लिहून मागा आणि त्यात तिन्ही विम्यांचे आकडे वेगवेगळे मागा. मग जिल्ह्याच्या गावी सरकारी विमा कंपनीच्या कार्यालयात किंवा ओळखीच्या अधिकृत एजंटकडे त्याच गाडीचा, त्याच आयडीव्हीचा आकडा विचारा. आयडीव्ही सारखा धरला नाही तर तुलना फसवी होते.

पॉलिसी हातात आली की घरी जायच्या आधी तिथेच उभं राहून वाचा. नाव आणि पत्ता आधारप्रमाणे आहे का? इंजिन नंबर, चासी नंबर गाडीशी जुळतो का? सीसी बरोबर आहे का? कर्ज असेल तर बँकेचं नाव आहे का? वारस कोण लिहिला आहे? वारसाची जागा रिकामी ठेवू नका. पैशांची पावती कंपनीच्या नावाची घ्या. नंतर एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख दिसते का, तेही मुलांकडून तपासून घ्या. खोट्या पॉलिसी विकणारेही असतात.

वेळ आलीच तर

अपघात झाला तर आधी माणसाला दवाखान्यात न्या. मग पोलिसांना आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा. गाडीचे, जागेचे फोटो काढा. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी दुरुस्तीला सुरुवात करू नका. गाडी चोरीला गेली तर लगेच फिर्याद द्या आणि तिची नक्कल घ्या. कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून दुसरी किल्ली पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

लायसन नसलेल्यानं किंवा दारू पिऊन गाडी चालवली असेल तर गाडीची भरपाई मिळत नाही. समोरच्या माणसाला कोर्टाच्या आदेशानं कंपनी भरपाई देते, पण नंतर ती मालकाकडून वसूल करू शकते. अठराच्या आतल्या पोराच्या हाती किल्ली दिली तर पालकाला आणि मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "शेतापर्यंतच जातो" हे कारण तिथे चालत नाही.

आपल्या माणसाला दुसऱ्याच्या गाडीनं उडवलं असेल तर भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत करावा असं कायदा सांगतो. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये सरकारी योजनेतून मिळतात. त्यासाठी तहसील कार्यालयात चौकशी करा. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, म्हणून गटातल्या शेजारणींनी आठवण करून द्यायची.

कंपनीनं क्लेम अडवला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईला आणि पुण्याला आहेत, फी नाही आणि वकीलही लागत नाही. विमा नियामकाचा मदत क्रमांक १५५२५५ आहे.

आता पुढच्या मासिक बैठकीसाठी एक काम. ज्यांच्या घरी दुचाकी आहे त्यांनी पॉलिसी घेऊन या आणि वहीत पाच रकाने आखा : गाडी कोणाच्या नावावर, चालवतं कोण, लायसन आहे का, ओन डॅमेज कधी संपतं, सीपीए कधी संपतं. ज्या ओळीत पहिले दोन रकाने जुळणार नाहीत, त्या घरासाठी काय करायचं ते त्याच बैठकीत ठरवा. बचतीचा हिशोब आपण पैशापैशानं ठेवतो. त्याच वहीत हे एक पान असायला हरकत नाही.