बाकीच्यांना काय द्यायचं?

बाई फळ्यापाशी तिसरीला वजाबाकी शिकवताहेत. चौथीला धडा उतरवून काढायला सांगितलाय. दुसरीने पाढे लिहून केव्हाच वह्या मिटल्यात, आणि पहिलीची पोरं 'क' गिरवून गिरवून आता एकमेकांच्या पाटीवर थुंकी लावून पुसताहेत. मी मागच्या भिंतीला टेकून बसलेय. मांडीवरच्या वहीत चार उभे रकाने आखलेत, दर इयत्तेला एक. दर पाच मिनिटांनी कुठली इयत्ता काय करतेय एवढंच त्यात लिहायचं. बाईंचा आवाज, फळ्यावरचं अक्षर, साहित्य वापरलं की नाही, यावर एक अक्षरही लिहायचं नाही.

सिंधुदुर्गातली ही जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पट 19. मुख्याध्यापक मीटिंगला गेलेत, म्हणून आज चारही वर्ग बाईंच्या अंगावर. बाई हिंगोलीकडच्या. पवित्र पोर्टलवरून नेमणूक झाली आणि थेट इथे आल्या. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नव्यांच्या वर्गात अशी जाऊन बसते.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे खेड्यात एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणं हे रोजचंच. डी.एल.एड.च्या सराव पाठात मात्र एक इयत्ता, एक घटक आणि शेवटच्या बाकावर वही घेऊन बसलेले प्राध्यापक. टाचणात प्रस्तावना, हेतुकथन, स्वाध्याय सगळं नीट रकान्यात. तो सराव वाया जातो असं मी म्हणणार नाही. प्रश्न नेमका विचारायला मी तिथेच शिकले. पण तिसरीला प्रश्न विचारत असताना पहिलीच्या हातात काय असावं, हे त्या टाचणात कुठल्याच रकान्यात बसत नाही. नव्या शिक्षकाचा दिवस नेमका तिथे फुटतो, आणि त्याला मात्र वाटतं की आपल्याला वर्ग आवरता येत नाही.

खिचडीच्या सुट्टीत ओट्यावर बसून मी बाईंना रकाने दाखवले. पहिलीच्या रकान्यात 'गिरवणे', मग 'रिकामी', 'रिकामी', 'भांडण', 'रिकामी'. बाईंचा चेहरा पडला. म्हणाल्या, "मॅडम, मी तर एक मिनिटही बसले नाही." खरंच होतं ते. त्या बसल्या नव्हत्या, मुलं बसली होती.

मग आम्ही तिसरीच्या वह्या काढल्या. एका मुलाने 42 मधून 17 वजा करून 35 लिहिले होते. खाली 63 वजा 28, उत्तर 45. बाईंनी दोन्हीवर लाल फुली मारून "लक्ष देत जा" असं लिहिलेलं. मी म्हटलं, त्यालाच विचारू. पोरगा आला, आधी "माका येणा नाय" म्हणून मोकळा झाला. जरा चुचकारल्यावर बोट ठेवून सांगू लागला: सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. वरचा अंक कुठला, खालचा कुठला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मोठ्यातून लहान काढायचा, हा त्याचा नियम, आणि तो त्याने इमानेइतबारे पाळला होता. लक्ष न देणाऱ्याची चूक अशी एकसारखी येत नाही. बाई गप्प झाल्या. मग स्वतःच उठून काड्यांचे गठ्ठे घेऊन आल्या, चार दशक आणि दोन सुट्टे मांडले, आणि सतरा काढून दे म्हणाल्या. त्याने दोन सुट्ट्या काड्या उचलल्या, थांबला, एका गठ्ठ्याचा रबर सोडला. ते पाहताना बाई त्याला मधेच सांगायला गेल्या नाहीत. ही गोष्ट मला त्या गठ्ठ्यांपेक्षा मोठी वाटली.

हे सगळं शेरेबुकात लिहायचं असतं तर घडलं नसतं. वरचा माणूस येणार म्हटलं की शिक्षक हातखंडा पाठ घेतो आणि हुशार पोरं पुढे बसवतो. यात त्याचं काही चुकत नाही. ज्याच्या हातात आपला अहवाल, त्याच्यापुढे "मला हे जमत नाही" कोण म्हणेल? नव्या शिक्षकाला आधी शिक्षणसेवक म्हणून मानधनावर तीन वर्षं काढायची असतात. 2000 साली ही योजना आली तेव्हा मानधन 3000 रुपये होतं, 2023 मध्ये ते 16,000 झालं. परजिल्ह्यात खोलीचं भाडं, प्रवास, घरी पाठवायचे पैसे सगळं त्यातच. अशा माणसाला आणखी एक तपासनीस नको असतो. केंद्रावरच्या शिक्षण परिषदेत खरं तर नव्यांना बोलायला जागा मिळायला हवी, पण मी पाहिलेल्या बहुतेक परिषदांमध्ये परिपत्रकं आणि ऑनलाइन माहिती भरण्यातच दुपार सरली.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या अनुताई वाघ 1945 साली बोर्डीला ताराबाई मोडकांच्या हाताखाली आल्या, तेव्हा त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत वर्षानुवर्षं शिकवून आलेल्या होत्या. तरी खेड्यातल्या मुलांचं शिक्षण त्या तिथेच, ताराबाईंच्या शेजारी राहून शिकल्या. शेजारी कुणी असणं, हीच सोय आपण नव्यांना सगळ्यात कमी देतो.

खिचडीनंतर बाईंनी बैठक बदलली. चौथीची दोन मुलं पहिलीला चित्रांची गोष्ट वाचून दाखवायला बसली. दुसरीला चिंचोके आणि बेरजेची कार्डं. पंधरा मिनिटं बरी गेली, मग चौथीतल्या एकाने गोष्ट सोडून मास्तरकी सुरू केली आणि पहिलीतली एक रडली. पुढच्या वेळी कुणाची जोडी कुणाशी लावायची, याची यादी बाई आता करताहेत. मुख्याध्यापकांशी बोलून अशा बैठकीसाठी अर्धा तास वेळापत्रकातच घालून घ्यायचाय, नाहीतर पुढच्या मीटिंगला तो पहिला जाईल.