खटखट वरून की खालून?

साताऱ्याकडून भाजी भरून निघालेली जुनी पिकअप पुण्यात शिरण्याआधी कात्रजच्या बोगद्यातून जाते. उघड्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज वाऱ्यात विरून जातो, पण बोगद्याच्या भिंती तो जसाच्या तसा परत आणून देतात. काच खाली असेल, तर इतके दिवस लक्षात न आलेली खटखट ड्रायव्हरच्या कानावर पहिल्यांदा पडते ती बहुतेक अशाच ठिकाणी.

मग गाडी गॅरेजला जाते आणि मालक सांगतो, ‘आवाज येतोय.’ एवढ्या माहितीवर मिस्त्री काय करणार? आवाज थंड इंजिनावर येतो की गरम झाल्यावर, चढावर की रिकाम्या गाडीत, रेस दिली की वाढतो का, क्लच दाबला की जातो का, हे पाहिलेलं असतं फक्त गाडी चालवणाऱ्याने. निम्मं निदान त्याच्याकडेच असतं.

डिझेल इंजिन मुळातच कडकड करतं. त्यात ठिणगी नसते. दाबून तापवलेल्या हवेत डिझेल फवारलं जातं आणि ते आपोआप पेट घेतं. पेटायला क्षणभर उशीर होतो, मग साठलेलं डिझेल एकदम भडकतं आणि दाब झपकन वाढतो. थंडीत पहाटे हा उशीर अधिक, म्हणून आवाजही अधिक. इंजिन तापल्यावर तो उतरत असेल, तर घाबरायचं कारण नाही.

ऐकायचा असतो तो या नेहमीच्या आवाजात नव्याने मिसळलेला ठोका. आणि इथे एक साधं गणित फार उपयोगी पडतं. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोन वेळा फिरतो, तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर उभं असेल, तर एका व्हॉल्व्हची टकटक मिनिटाला 400 वेळा होते. क्रँकच्या बेरिंगचा ठोका मात्र क्रँकच्या गतीने पडतो. कोणी हे मोजत बसत नाही, पण मुरलेल्या मिस्त्रीचा कान निम्म्या लयीची टकटक आणि पूर्ण लयीचा ठोका बरोबर वेगळा काढतो.

टकटक वरून, हेडच्या झाकणाखालून येत असेल आणि शिलाई मशीनसारखी बारीक असेल, तर संशय टॅपेटवर. तिथे मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण गरम झाल्यावर धातू फुगतो. झिजेने फट वाढली की आवाज सुरू होतो. फिलर गेज लावून कंपनीच्या मापाने ती पुन्हा बसवली की काम होतं. आवाज पार बंद व्हावा म्हणून फट गरजेपेक्षा कमी करून घेणं मात्र घातक. मग व्हॉल्व्ह नीट बसत नाही, गरम वायू त्याच्या कडेने निसटतात आणि व्हॉल्व्ह जळतो. थोडी टकटक करणारा टॅपेट परवडला, आवळलेला नाही.

जागा शोधायला मिस्त्रीचं जुनं हत्यार म्हणजे लांब पेचकस. टोक इंजिनाच्या भागावर, मूठ कानामागच्या हाडावर. टोक अल्टरनेटरवर ठेवल्यावर घरघर स्पष्ट झाली, तर त्याचं बेरिंग गेलं. वॉटर पंपावर वाढली, तर पंपाचं. गळ्यातला गमछा आधी काढून ठेवावा आणि हात पंख्यापासून लांब असावा. गाडी सुरू करताच येणारी किंचाळी बहुधा ढिल्या पट्ट्याची असते. क्लच दाबल्यावरच येणारा आवाज सहसा क्लच बेरिंगचा असतो. त्यासाठी इंजिन खोलायची गरज नसते.

फसवतो तो नोझल. खराब नोझल इतका कडक ठोकतो, की बेरिंगच गेलं असं वाटून इंजिन उतरवलं जातं. जुन्या, साध्या पंपाच्या गाडीत मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करून कोणता सिलिंडर ठोकतो ते पाहतात. पण त्या सिलिंडरचा स्फोट थांबला की बेरिंगचा ठोकाही कमी होतो, म्हणून निकाल एवढ्यावर लावू नये. तो नोझल दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहावा. आवाज त्याच्याबरोबर गेला, तर दोष नोझलचा. कॉमन रेल गाडीत हा नट चालू इंजिनावर कधीही सोडू नये. तिथे डिझेलचा दाब 1000 बारच्याही वर जातो आणि फवारा कातडीतून आत घुसतो. तिथे स्कॅनरच हवा.

खालून, चेंबरच्या बाजूने जड ठोका येत असेल आणि लोड पडला की वाढत असेल, तर प्रश्न गंभीर. क्रँक आणि बेरिंग यांच्यामध्ये केसापेक्षा पातळ तेलाचा थर असतो आणि त्याच थरावर सगळा भार तोललेला असतो. तेल कमी झालं, पातळ झालं किंवा पंप थकला, की धातू धातूवर आपटतो. तेलाचा लाल दिवा पेटायची वाट पाहू नये, कारण तो दाब फारच खाली गेल्यावर पेटतो.

या ठोक्याला गाडी तिथेच बंद केली, तर अनेकदा बेरिंग बदलून आणि क्रँक तपासून भागतं. तशीच दामटली, तर क्रँकवर चरे पडतात, आणि कनेक्टिंग रॉड तुटला तर ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. म्हणून खालून ठोका ऐकू आला, की माल दुसऱ्या गाडीत चढवा आणि इंजिन पुन्हा सुरू न करता पिकअप ओढून गॅरेजला न्या.