पाळी गेल्यावरची ‘उन्हाळी’ आणि योनीमार्गात लावायचं मलम

(पिंप्राळा, जळगाव इथे महिलांसाठी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

जळगावचा उन्हाळा आपल्याला नवा नाही. पारा पंचेचाळिसाला टेकतो, लघवीला जळजळ होते, आणि घरातली मोठी माणसं सांगतात, ‘उन्हाळी लागली, धने-जिऱ्याचं पाणी पी.’ पाणी कमी पडून लघवी गडद झाली असेल, तर हा सल्ला काही चुकीचा नाही. पण पन्नाशीच्या बायका हीच तक्रार घेऊन आमच्याकडे आषाढात, पिंप्राळ्याच्या रथाच्या दिवसांत येतात आणि दिवाळीतही येतात. ऊन सरलं तरी त्यांची उन्हाळी सरत नाही. आज आपण त्या उन्हाळीबद्दल बोलू.

पाळी जाते म्हणजे अंडाशयातून इस्ट्रोजेन तयार होणं जवळजवळ थांबतं. योनीमार्गाचं अस्तर जाड, ओलसर ठेवायचं काम हे इस्ट्रोजेन करतं. त्याच्यामुळेच तिथे चांगले जिवाणू राहतात, ते आम्लता टिकवतात आणि रोगजंतूंना थारा देत नाहीत. इस्ट्रोजेन गेलं की अस्तर पातळ, कोरडं होतं आणि आम्लता कमी होते. लघवीची नळीही शेजारचीच, तिचं अस्तरही तसंच. म्हणून कोरडेपणा, खाज, संबंधाच्या वेळी दुखणं, घाईची लघवी आणि वारंवार जंतुसंसर्ग ही सगळी एकाच झाडाची फळं आहेत. अंगातून वाफा येणं काही वर्षांनी कमी होतं, हा त्रास मात्र आपोआप क्वचितच जातो.

ज्यांची पिशवी काढली आहे त्यांनी जास्त लक्ष द्यावं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ऑपरेशनमध्ये अंडाशयंही काढली असतील, तर पस्तिशीतही हा कोरडेपणा लवकर सुरू होतो. तुमच्या ऑपरेशनच्या कागदावर काय काय काढलं ते लिहिलेलं असतं. तो कागद जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवा.

आता औषधाकडे येऊ. योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन मलमाच्या किंवा छोट्या गोळीच्या रूपात मिळतं. १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाळी गेलेल्या आणि वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या ९३ बायका होत्या. इस्ट्रिऑलचं मलम वापरणाऱ्यांना वर्षाला सरासरी अर्धा संसर्ग झाला, नुसतं औषधाविना मलम वापरणाऱ्यांना जवळजवळ सहा. दरवेळी अँटिबायोटिकचा कोर्स घेणाऱ्या बाईसाठी हा फरक केवढा मोठा आहे बघा.

मग बायका हे मलम अर्ध्यात का सोडतात? खोक्यातला कागद वाचून. कॅन्सर, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या! ही भीती आली कुठून? २००२ साली अमेरिकेत एक मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली. त्या बायका तोंडाने इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन, दोन्हींची गोळी घेत होत्या. ते औषध रक्तातून सगळ्या शरीरात जातं. योनीमार्गात लावायच्या कमी मात्रेच्या औषधातलं रक्तात जातं ते फार थोडं. तरी इशारा सगळ्यांवर एकच छापला गेला. पुढे २०१८ मध्ये ४५ हजारांहून अधिक बायकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा योनीमार्गात इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांमध्ये कॅन्सर किंवा हृदयविकार वाढलेला दिसला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही या इशाऱ्याची चौकट काढायचा निर्णय जाहीर केला.

याचा अर्थ मेडिकलमधून परस्पर ट्यूब आणावी, असा नाही. सुरू करण्याआधी तीन गोष्टी डॉक्टरांना सांगायच्याच.

पहिली: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं का? एक डाग दिसला तरी सांगा. तो गर्भपिशवीच्या कॅन्सरचा पहिला इशारा असू शकतो. आधी तपासणी, सोनोग्राफी, मग मलम.

दुसरी: स्तनाचा कॅन्सर झाला होता का, त्याच्या गोळ्या चालू आहेत का? अशा वेळी आधी बिनहार्मोनचे उपाय करायचे आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मलम लावायचं नाही.

तिसरी: पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी, पक्षाघात, लिव्हरचा आजार झाला होता का? झाला असला तरी औषध बंदच असं नाही, पण निर्णय डॉक्टरांचा.

वापरायची रीत सोपी आहे. साधारण पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. हात धुवायचे, नळीत चिठ्ठीवर लिहिलेल्या खुणेपर्यंतच मलम भरायचं, आडवं होऊन आत सोडायचं, नळी धुऊन ठेवायची. नळी काठोकाठ भरली तर मात्रा कितीतरी पटींनी वाढते. प्रत्येक कंपनीचं मलम सारख्या ताकदीचं नसतं, म्हणून जावेची किंवा शेजारणीची ट्यूब वापरू नका. संबंधाच्या अगदी आधी लावू नका. फरक दोन-तीन आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागतात. चार दिवसांत सोडून देऊ नका.

समोर आलेल्या चिठ्ठ्यांपैकी दोन घेतो.

‘खाजेसाठी मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब चालेल का?’ नाही ताई. अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. ते मनाने दीर्घकाळ लावलं तर कातडी आणखी पातळ होते. खाज बुरशीची असेल तर साखरही तपासायला हवी.

‘हे किती वर्षं लावायचं? गर्भपिशवी असल्यावर दुसरी गोळीही लागते का?’ त्रास आहे तोवर लावता येतं, बंद केलं की बहुधा त्रास परत येतो. वर्षातून एकदा डॉक्टरांना भेटून ‘अजून हवं का’ हे ठरवायचं. या कमी मात्रेला जोडीची प्रोजेस्टेरॉनची गोळी सहसा लागत नाही. मात्र मलम चालू असताना रक्त दिसलं तर ‘औषधामुळे असेल’ म्हणून गप्प बसायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं.

ज्यांना हार्मोन नकोच आहे, त्यांच्यासाठी पाण्यात मिसळणारं वंगण आणि ओलावा टिकवणारी जेल मिळतात. साबणाने आतून धुणं तेवढं सोडा.

ताप, थंडी, पाठीत कळ किंवा लघवीत रक्त असेल, तर तो जंतुसंसर्ग वर मूत्रपिंडाकडे गेलेला असू शकतो. तेव्हा मलमावर विसंबू नका, लगेच दवाखाना गाठा.

बायका हे दुखणं ‘वयाचं आहे’ म्हणून सोसतात, सुनेला सांगत नाहीत, नवऱ्याला तर नाहीच. पुढच्या वेळी दवाखान्यात ‘उन्हाळी लागली’ म्हणाल, तेव्हा एक वाक्य जोडा: ‘माझी पाळी गेली आहे.’ पुढचे प्रश्न विचारायला डॉक्टरांना तेवढं पुरतं.