तुरळक सरी, दरीत धुकं अन् समुद्रात वादळ? हवामानाचा अंदाज नेमका वाचायचा कसा

सातारा : भात कापून खाचरात वाळत पडलेला. सोयाबीनची गंजी लागलेली, पण मळणी मशीनवाल्याचा नंबर दोन दिवसांनी. अशातच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लाल-जांभळ्या रंगाचा नकाशा येऊन पडतो, "अरबी समुद्रात महाभयंकर वादळ, पुढच्या आठवड्यात धडकणार". रात्रभर झोप नाही. सकाळी उठून बघावं तर दरी धुक्यानं भरलेली, आणि दहा वाजता कडक ऊन.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाटण, जावळी, महाबळेश्वर, वाई या पट्ट्यात दरवर्षी थोड्याफार फरकानं हेच होतं. हवामान विभागाच्या अंदाजात या दिवसांत तीन गोष्टी हमखास असतात : सरी, धुकं आणि समुद्रातली हालचाल. तिन्ही एकाच दमात वाचल्या जातात, पण तिन्हींची खात्री सारखी नसते. घोटाळा तिथंच होतो.

आधी सरींचं. "तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणजे थोडा पाऊस, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. हा शब्द पाऊस किती पडेल ते सांगत नाही, किती गावांत पडेल ते सांगतो. तुरळक म्हणजे त्या भागातल्या 25 टक्क्यांपर्यंतच्या ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे 26 ते 50 टक्के, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे 51 ते 75 टक्के. किती पडेल, त्याचे शब्द वेगळे. हलका, मध्यम, जोरदार. 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे गेला की हवामान विभागाच्या भाषेत तो जोरदार. म्हणजे अंदाज तुरळकचा असला, तरी ज्या चार गावांवर ढग फुटला तिथं खाचर भरून जाऊ शकतं आणि शेजारच्या शिवारात धूळ उडत असते. अंदाज दोन्ही गावांसाठी बरोबरच असतो!

आपल्या जिल्ह्यात हा फरक जास्तच जाणवतो. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तिकडं माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. म्हणून "सातारा" असं एकच नाव वाचून थांबू नये. घाट परिसरासाठी वेगळा इशारा असेल तर तो घाटाखालच्या आणि घाटावरच्या गावांचा, दहिवडी-म्हसवडचा नाही. परतीच्या दिवसांतल्या या सरी बहुतेक दुपारनंतर, विजांसह येतात. सकाळचं स्वच्छ ऊन बघून भात पसरला आणि चार वाजता भिजला, ही तक्रार त्यामुळेच.

धुक्याचं गणित त्यामानानं सोपं. दिवसा पाऊस पडून जमीन ओली झाली, रात्री आभाळ मोकळं राहिलं आणि वारा पडला, की डोंगरउतारावरची गार, जड हवा खाली दरीत येऊन साचते. कोयनेच्या, कृष्णेच्या खोऱ्यात पाणीही भरपूर, त्यामुळे पहाटेपर्यंत धुकं धरतं. ऊन चढलं की नऊ-दहापर्यंत विरतं. हे संध्याकाळी अंगणात उभं राहूनही ओळखता येतं. चांदण्या लख्ख, पान हलत नाही आणि सकाळी सर येऊन गेलेली, तर धुकं पडायची शक्यता जास्त. रात्री आभाळ भरून आलं किंवा वारा सुटला, तर दरी बहुधा मोकळी राहते.

घाटातलं धुकं मात्र वेगळं. कुंभार्ली किंवा आंबेनळी घाटात जे दिसतं तो खरं तर ढगच असतो. समुद्राकडची ओली हवा डोंगर चढते, गार होते आणि ढग रस्त्याला टेकतो. तो भर दुपारीही येतो आणि उन्हाची वाट बघून जात नाही. पहाटे दुधाची गाडी नेणाऱ्यांनी खोऱ्यातलं धुकं विरलं म्हणून घाट मोकळा असेल असं धरू नये.

आता वादळ. नकाशे सगळ्यात जास्त याचेच फिरतात आणि खात्री सगळ्यात कमी याचीच असते.

समुद्रात आधी कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं. अशी बरीच क्षेत्रं तिथंच विरतात. वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरवर गेला तरच त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि तेव्हाच नाव मिळतं. नावांची यादी आधीच जाहीर असते, त्यामुळे कुणीही त्यातलं पुढचं नाव उचलून मेसेज बनवू शकतो. हवामान विभागानं "कमी दाबाचं क्षेत्र" एवढंच म्हटलंय आणि मेसेजात वादळाचं नाव आलंय, तर मेसेज खोटा समजावा.

तयार झालेलं वादळही सरळ चालत नाही. 2019 चं उदाहरण अनेकांना आठवत असेल. ऑक्टोबरच्या अखेरीस 'क्यार' हे वादळ कोकण किनाऱ्यापासून दूर समुद्रात वाढलं, अतितीव्र झालं आणि ओमानच्या दिशेनं निघून गेलं. लगेच पाठोपाठ 'महा' आलं. ते आधी किनाऱ्यापासून लांब गेलं, मग उलटं वळून गुजरातकडं आलं आणि किनाऱ्याजवळ येता येता समुद्रातच गळालं. दोन्हींपैकी एकही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकलं नाही. तरी त्याच दिवसांतल्या अवकाळीनं राज्यभर काढणीला आलेली पिकं कुजली. उलट 2009 च्या नोव्हेंबरात 'फयान' आणि 3 जून 2020 ला 'निसर्ग' हे थेट अलिबाग परिसरात जमिनीवर आले.

कारण असं, की वादळाच्या पूर्व बाजूला वारे दक्षिणेकडून येतात आणि बाष्प घेऊन येतात. केंद्र शेकडो किलोमीटर दूर असलं तरी त्याचे ढग इकडं पाऊस पाडू शकतात. तेच वादळ आणखी पश्चिमेला सरकलं, की आभाळ दोन दिवसांत कोरडंही होतं. म्हणून "धडकणार का" यापेक्षा "किनाऱ्यापासून किती लांबून जाणार" हा प्रश्न शेतकऱ्याच्या जास्त कामाचा. त्याचं उत्तर आठ-दहा दिवस आधी कुणाकडंच नसतं. हवामान विभाग वादळाचा मार्ग दाखवताना पुढं पुढं रुंद होत जाणारा पट्टा काढतो, तो याचसाठी. वादळ त्या पट्ट्यात कुठूनही जाऊ शकतं. मधली रेघ म्हणजे ठरलेला रस्ता नव्हे.

मग भाताचं काय? कापणी-मळणी पुढच्या दोन दिवसांच्या अंदाजावर ठरवावी, आठवड्यानंतरच्या नकाशावर नाही. तेवढे दोन दिवस कोरडे दिसत असतील तर जेवढं एका दिवसात झोडून घरात येईल तेवढंच कापावं. सगळं रान एकदम आडवं केलं की अडकायला होतं. ऑरेंज इशारा आला तर कापणी थांबवून आधी कापलेलं ताडपत्रीखाली घ्यावं. उभं भात एका सरीत टिकतं, पसरलेल्याला कोंब फुटतात. फवारणी दव वाळल्यावरच. 'मेघदूत' ॲपवर शेतीचा सल्ला मराठीत मिळतो, मंगळवारी आणि शुक्रवारी. विजेचा इशारा 'दामिनी' ॲपवर येतो.

एवढं करूनही पीक भिजलंच, तर ते उचलण्याआधी शेतातच फोटो काढून ठेवावेत आणि तलाठी, कृषी सहायक यांना लगेच कळवावं. सरकारी मदतीसाठी नुकसान 33 टक्क्यांच्या वर असल्याचं पंचनाम्यात यावं लागतं, आणि रिकाम्या खाचराचा पंचनामा करणं अवघड जातं.